घोडं खोलीतल्या ताटाशी पेंड खातंय

ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. बाबा ८१ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. वृद्धाश्रमात जाऊन सहा आठवडे झाले, खोलीबाहेर पडत नाहीत, रोज फोनवर "मला घरी ने" म्हणतात आणि तिथल्या ऑफिसात विचारलं की उत्तर एकच, "होईल हळूहळू सवय." हे वाचून माझं डोकं पुन्हा तापलं. मला हेच वाक्य सात महिने ऐकवलं गेलं होतं.

ठेवावं की नाही, लोक काय म्हणतील, रात्री झोप लागत नाही, यावर इतरांनी भरपूर लिहिलंय. मी त्यात पडत नाही. तुम्ही मात्र जाता जाता एक ओळ लिहून गेलात: "स्वतंत्र खोली घेतली आहे, जेवणही खोलीतच येतं, त्यामुळे तशी काही गैरसोय नाही." माझ्या मते घोडं तिथेच पेंड खातंय.

आधीच सांगते, माझा अनुभव एकाच संस्थेचा आणि एकाच आईचा आहे. बाबांना डिमेन्शिया असेल किंवा ते खरोखर नैराश्यात असतील, तर डॉक्टर आधी, मी नंतर.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. २०१८च्या जूनमध्ये तिला पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं. भाऊ टोरांटोला, मी पुण्यात दोन खोल्यांत. भावाने सढळ हाताने स्वतंत्र खोली घेतली. टीव्ही, छोटा फ्रीज, चहाची किटली, कोपऱ्यात देव्हारा. "आईला कशासाठीही बाहेर यावं लागू नये" हे आमच्या दोघांचं वाक्य, आणि आम्ही ते कौतुकाने म्हणत होतो. दुसऱ्याच दिवशी आई म्हणाली, मला जेवण खोलीत पाठवा. महिना ६०० रुपये जास्त भरले की ताट खोलीत येतं. भरले.

आई असं का म्हणाली, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या दुपारी ती जेवणाच्या हॉलमध्ये गेली, दिसेल त्या खुर्चीवर बसली, आणि एक बाई येऊन म्हणाल्या, "इथे मी बसते." एवढंच. भांडण नाही, आवाज नाही. पण ७९व्या वर्षी, परक्या जागी, हातात ताट घेऊन उभं राहायचं! आई उठली ती थेट खोलीत. अशा हॉलमध्ये जागा ठरलेल्या असतात आणि कुठेही लिहिलेल्या नसतात. कोणाच्या शेजारी कोण, पंख्याखाली कोण, पेपर आधी कोणाच्या हातात जाणार, संध्याकाळी साडेसातला टीव्हीवर मालिका की क्रिकेट, सगळं ठरलेलं. नवा माणूस शाळा बदललेल्या पोरासारखा असतो, आणि त्याला हाताला धरून कोणी वर्गात नेत नाही.

पाच महिन्यांत आईचं वजन ५२वरून ४५वर आलं. थायरॉइड पाहिलं, सोनोग्राफी झाली, शेवटी एंडोस्कोपीसुद्धा. सगळं नॉर्मल. कारण सांगितलं ते तिथे काम करणाऱ्या एका मावशींनी, तेही गेटबाहेर पीएमटी बसची वाट बघताना. "ताई, आजींचं ताट रोज अर्धं परत येतं. मी ऑफिसात सांगितलंय." म्हणजे ऑफिसला माहीत होतं! आम्हाला फोन एकदाही नाही. महिन्याचं बिल मात्र पाच तारखेला न चुकता व्हॉट्सअॅपवर.

मग मी ठरवलं, दोन जणींच्या खोलीत हलवायचं. आणि इथे आमची दुसरी घोडचूक वर आली. प्रवेश अर्जावर अर्जदार म्हणून भावाचं नाव होतं, कारण पैसे तो भरणार होता. मी फक्त "स्थानिक संपर्क". ऑफिसातल्या बाईंनी शांतपणे सांगितलं की अर्ज अर्जदारानेच करायला हवा. ईमेल चालणार नाही, सहीचं मूळ पत्र हवं. टोरांटोहून पत्र यायला तीन आठवडे लागले. आल्यावर कळलं की करारात खोलीचा प्रकार बदलण्याचं कलमच नाही, विश्वस्तांच्या सभेपुढे ठेवावं लागेल. सभा तीन महिन्यांनी. त्या सभेचा कोरम झाला नाही. पुढे कोरम झाला तेव्हा म्हणाले, नवी अनामत आधी भरा, जुनी ९० दिवसांनी परत मिळेल. आम्ही कमी पैशांची खोली मागत होतो हो! स्वस्त खोलीत जायला इतके हेलपाटे घालावे लागतात हे मला आजही पटत नाही. संस्थेचं नाव विचारू नका, सांगणार नाही. तिथल्या मावशी आणि स्वयंपाकघरातले मामा सोन्यासारखे होते, त्यांच्या पोटावर पाय नको.

तेव्हा बाबांच्या अर्जाची झेरॉक्स काढून आजच बघा. अर्जदार म्हणून जवळ राहणाऱ्याचं नाव असलं पाहिजे, पैसे कोणी का भरेना. तसंच "स्वतःची कामं स्वतः करता येईपर्यंत" असं कलम आहे का ते वाचा. बऱ्याच ठिकाणी असतं, आणि माणूस अंथरुणाला खिळला की पंधरा दिवसांत घेऊन जा म्हणतात. (जीएसटी लावलाय का तेही बघा. आयकरात धर्मादाय म्हणून नोंदलेली संस्था असेल, तर ६०च्या पुढच्यांना राहण्या-जेवणासकट महिना २५,००० रुपयांपर्यंत तो लागत नाही. मी सीए नाही, पण आमच्या बिलात तो लावला होता आणि विचारल्यावर निघाला.)

खोलीचं भिजत घोंगडं पडलं होतं तेव्हा मी खोलीतलं ताट बंद केलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर हॉलमध्ये गेले. दारातच फळा असतो, त्यावर खडूने लिहिलेलं: "आजचा मेनु, दुधि भोपळा." आई थांबली. तिने पदराने "नु" पुसला आणि "नू" केला, मग "दुधि"चा "दुधी". दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातले मामा खडू घेऊन खोलीत हजर, "बाई, उसळचा उ ऱ्हस्व का दीर्घ?" तेव्हापासून फळा आईचा. फळा लिहायचा म्हणजे अकराच्या आत स्वयंपाकघरात जाऊन काय शिजतंय ते बघणं आलं. तिथे चारपाच जणी मेथी निवडत, लसूण सोलत बसलेल्या असतात, म्हणजे त्यांच्यात बसणं आलं. "इथे मी बसते" म्हणणाऱ्या बाई त्यातच होत्या. पुढे दोघी मिळून आमटी पातळ झाल्याची तक्रार करायला जायच्या.

म्हणून "करमणुकीचे कार्यक्रम आहेत" या जाहिरातीवर माझा फारसा विश्वास नाही. भजनी मंडळ येतं, गणपतीत गाणी होतात, छान असतं, पण त्यात आपली माणसं प्रेक्षक असतात. काम हवं. दहा मिनिटांचं चालेल, पण ते न केल्यास कोणाचं तरी अडलं पाहिजे. बाबा रेल्वेतले आहेत, तुम्ही लिहिलं नाहीत की नेमकं काय करायचे. घड्याळाला किल्ली देणं, हजेरीची वही, औषधांच्या वेळेला शेजाऱ्यांना हाक मारणं, काहीही शोधा.

थोडं विषयांतर. पितृपक्षात सावध राहा. देणगीदार आपल्या माणसांच्या नावाने जेवण घालतात, खीर, जिलेबी, गुलाबजाम, वर फोटो. हेतू चांगला असतो, पण पंधरा दिवस हे चाललं की अर्ध्या वृद्धाश्रमाची साखर वर जाते. एकाने तरी गोडाऐवजी अॅडल्ट डायपरची पाकिटं द्यावीत, संस्था दुवा देईल. कपड्यांवर आतून नाव घाला, मार्करने नको, दोऱ्याने. मार्कर धोब्याकडे तीन फेऱ्यांत जातो. कानाचं यंत्र असेल तर सेल खरंच बदलले जातात का ते स्वतः तपासा. ऐकू येत नाही म्हणून गप्प बसलेल्या माणसाला तिथे "शांत स्वभावाचे" म्हणतात.

आणि हयातीचा दाखला. बाबा केंद्राचे पेन्शनर, वय ८०च्या पुढे, म्हणजे नोव्हेंबरची गर्दी टाळून १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. बोटांचे ठसे उमटत नसतील तर २०२१पासून मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, होतं. आधारच्या फेस ओळखीचं अॅप आधी टाकून घ्या आणि उजेडात बसवा. आईच्या वेळी आम्ही तिला रिक्षात घालून बँकेत नेत होतो, त्यावर आत्ता लिहायला बसले तर रात्र जाईल.

आई २०१९मध्ये एकदाची दोघींच्या खोलीत गेली. सोबतीण निवृत्त नर्स, एका कानाने बहिऱ्या. पंखा दोनवर की चारवर यावरून रोज वाद. आई मला फोनवर म्हणायची, ही बाई फार हट्टी आहे. २०२०च्या मार्चमध्ये गेट बंद झालं, मग कित्येक महिने मी आईला मावशींच्या मोबाइलवरच पाहिलं. त्या काळात तिच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातात की नाही हे त्या हट्टी बाईंनी पाहिलं. स्वतंत्र खोलीत असती तर काय झालं असतं, मी तो विचार पुढे नेत नाही.

लगेच घरी आणू नका, आणि खोली बदलायला आज धावूही नका, तो अर्ज कसा लोंबकळतो ते वर लिहिलंच आहे. खोलीतलं ताट मात्र या आठवड्यात बंद करा. बाबा चिडतील, "पैसे वाचवतेस का" म्हणतील. म्हणू द्यात. रविवारी जाल तेव्हा डबा नेऊ नका. बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं की पाहुण्यांचं जेवण मिळतं, तुमचंही सांगा आणि बाबांबरोबर हॉलमध्ये जेवा. पण बारा वाजता नाही, बारा वीसला जा. तोपर्यंत सगळे आपापल्या जागी बसलेले असतात, आणि कुठली खुर्ची खरोखर रिकामी आहे ते दारातूनच दिसतं.