आधी गेज लावा, मग पंपाचं बोलू: डिझेल पिकअपवाल्यांचे प्रश्न

अमेरिका-कॅनडातल्या आपल्या पिकअपवाल्या मंडळींचे प्रश्न वाचून वाचून आता असं झालंय की पहिली ओळ वाचली की पुढचं कळतं. "गाडी ओढत नाही, मित्र म्हणाला लिफ्ट पंप मोठा टाक, कुठला घेऊ?" अहो, गाडी ओढत नाही याची वीस कारणं असतात. मी कोल्हापुरात उद्यमनगरात पंप-नोझलच्या टेबलावर शिकलो, आता बरीच वर्षं टेक्सासात हेच करतोय, आणि दोन्हीकडे माणसं मोजायच्या आधी बदलतात, यात काही फरक नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच, कारण निम्मा गोंधळ इथेच आहे. डिझेल गाडीत प्रेशर दोन असतात. टाकीतून डिझेल उचलून इंजिनावरच्या मोठ्या पंपाच्या तोंडाशी आणून देतो तो लिफ्ट पंप, गावाकडे आपण फीड पंप म्हणतो तोच, त्याचं प्रेशर गाडीप्रमाणे दहा-पंधरा पीएसआय, काही गाड्यांना पन्नास-साठ. आणि कॉमन रेलवाल्या गाड्यांत मोठा पंप पुढे रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल वाटणाऱ्या जाड नळीत, जे प्रेशर करतो ते वीस हजार पीएसआयच्याही वर. लिहिताना यातलं कुठलं म्हणताय ते लिहा.

प्रश्न: २००१ ची डॉज रॅम, ५.९ कमिन्स, २४ व्हॉल्व्ह. ट्रेलर लावून चढावर दम तोडते. तीन महिन्यांपूर्वी पी०२१६ कोड आला होता, क्लिअर केला, परत आला. लिफ्ट पंप इंजिनाच्या ब्लॉकवरचाच आहे, नवीन टाकलाय. प्रेशर चेक केलं, उभ्या गाडीत १२ येतं म्हणजे ठीक ना? (ह्यूस्टन)

नाही, ठीक नाही, आणि तीन महिने तुम्ही काय करत होतात हे मला आधी सांगा.

१९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या रॅममध्ये मोठा पंप म्हणजे बॉशचा व्हीपी४४ आहे. हा पंप डिझेलवर नुसता चालत नाही, डिझेलवर जगतो. त्याचं वंगण डिझेल, त्याचं कूलिंग डिझेल, त्याच्या डोक्यावर जी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवलीय ती गार ठेवणारंही डिझेलच. म्हणून लिफ्ट पंपाने इंजिन जाळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त डिझेल त्याला पुरवायचं असतं, बरंचसं त्यातून फिरून टाकीत परत जातं. आता खरी मेख ऐका. व्हीपी४४ च्या पोटात स्वतःचा एक छोटा व्हेन पंप असतो, त्यामुळे लिफ्ट पंप पूर्ण मेला तरी तो स्वतः ओढून घेतो आणि गाडी चालत राहते! सेल मारला की सुरू होते, गावात नीट पळते, मालक खुश. आणि आत तो पंप कोरडा, गरम, घासत घासत चाललेला असतो. मग एक दिवस पी०२१६ येतो, म्हणजे पंपाला टायमिंग धरता येत नाहीये, आणि लोक काय करतात तर स्कॅनर लावून कोड पुसतात. ताप आल्यावर थर्मामीटर झटकण्यातला प्रकार.

उभ्या गाडीतल्या १२ ला काही किंमत नाही. डिझेलची मागणी असते ती ट्रेलर लावून, चढावर, पाय पूर्ण दाबल्यावर. तेव्हा किती राहतं ते बघायचं, आणि ते चालवणाऱ्याने गेजकडे डोळे लावून नाही, शेजारी बसलेल्याने. मी पूर्ण लोडवर १० च्या खाली जाऊ देत नाही. ५ किंवा त्याहून खाली जात असेल तर ट्रेलर सोडा आणि गाडी उभी करा. मोजायचं फिल्टरच्या पुढे, व्हीपी४४ च्या तोंडाशी. फिल्टरच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे मोजलंत आणि फरक ५ पीएसआयपेक्षा जास्त निघाला तर पंपाला शिव्या देऊ नका, फिल्टर बदला.

आणि कृपा करून ते यांत्रिक गेज डिझेलच्या नळीसकट केबिनमध्ये आणू नका. नळी सुटली तर मांडीवर डिझेल. इलेक्ट्रिक सेंडर लावा, आणि सेंडरच्या आधी नीडल व्हॉल्व्ह किंवा ठोके शोषणारा स्नबर बसवा, नाहीतर पंपाच्या ठोक्यांनी सेंडर काही महिन्यांत मरतो आणि मग तुम्ही मलाच लिहाल की प्रेशर शून्य झालं.

ब्लॉकवरचा पंप तुम्ही नवीन टाकलात म्हणता, पण जागाच चुकीची आहे ना त्याची. पंप ढकलायला चांगला असतो, ओढायला वाईट. टाकी मागे, पंप पुढे गरम इंजिनाला चिकटून, मधली सगळी नळी तो ओढतोय. म्हणून चांगलं लिफ्ट पंपाचं किट पंपाला चासीवर टाकीजवळ बसवतं, अर्धा इंची नळी देतं आणि नळी जोडणारे ते बारीक भोकांचे पोकळ बँजो बोल्ट काढून टाकतं. हे काम तुमच्या गाडीला हवंच आहे. पण कोड आलेला आहे म्हणजे व्हीपी४४ ला बहुतेक मार बसलेला आहे, नवीन लिफ्ट पंपाने तो बरा होणार नाही. पंपाच्या टेस्ट बेंचवाल्याकडे दाखवा, आणि व्हीपी४४ बदलायचा निघाला तर लिफ्ट पंपाचं काम आधी करा, मग तो लावा. उलट्या क्रमाने करणारे दर महिन्याला भेटतात, हजार डॉलरच्या वरचा पंप दुसऱ्यांदा विकत घेताना. प्रेशर १५ ते १८ पुरे, २० च्या वर चढवू नका.

प्रश्न: मोठा लिफ्ट पंप टाकल्यावर मायलेज वाढतं का?

नाही.

प्रश्न: तासाला ९५ गॅलनवाला पंप घ्यावा की १६५? दुकानदार म्हणतो मोठा घ्या, पुढे ट्यून केली तर उपयोगी पडेल. (ऑस्टिन)

दुकानदार मोठाच म्हणणार, त्याचं पोट त्यावर आहे. हिशोब करू. ३०० हॉर्सपॉवर पूर्ण लोडवर काढायला डिझेल इंजिन तासाला साधारण १५ गॅलन जाळतं. पंधरा! बाकीचं सगळं गारव्याला, परतीला आणि हवा बाहेर काढायला. शिवाय खोक्यावरचा आकडा बरेचदा तोंड मोकळं सोडून मोजलेला असतो, प्रेशरवर तोच पंप कमी देतो, म्हणून विचारायचं ते असं: "१५ पीएसआयला किती देतो?" याचं उत्तर ज्या दुकानदाराला येत नाही त्याच्याकडून बल्बसुद्धा घेऊ नका. साध्या, ट्यून न केलेल्या गाडीला ९५ वाला भरपूर होतो.

प्रश्न: २००३ ची ड्युरामॅक्स (शेव्हरोले-जीएमसी पिकअपचं डिझेल इंजिन). पी००८७ आला. गॅरेजवाल्याने लिफ्ट पंप सुचवलाय, ७०० डॉलर. (डॅलस)

पी००८७ म्हणजे रेलमधलं प्रेशर कमी. वर सांगितलेल्या दोन प्रेशरपैकी दुसरं.

तुमच्या २००१ ते २००४ च्या एलबी७ इंजिनाला कंपनीतून लिफ्ट पंप येतच नाही, सीपी३, म्हणजे त्याचा बॉशचा मोठा पंप, स्वतःच टाकीपासून ओढतो. तेव्हा पंप लावणं ही वाईट कल्पना नाही, मी स्वतः लावून देतो, ८-१० पीएसआयवर. पण कोडचं कारण तेच आहे हे कशावरून? फिल्टर तुंबला असेल. फिल्टरच्या डोक्यावरचा हाताने दाबायचा प्रायमर आहे ना, त्याच्या ओ-रिंगमधून हवा धरत असेल, आणि गंमत म्हणजे ही गळती दिसत नाही कारण ओढत्या बाजूला डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. लिफ्ट पंप लावला की तीच जागा टपकायला लागते आणि लोक म्हणतात नवीन पंपाने गाडी बिघडवली! आणि या इंजिनाची खरी दुखरी नस म्हणजे इंजेक्टर. ते आतून गळायला लागले की रेल भरतच नाही, डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा, लेव्हल वर आलीय का बघा, वास घ्या. मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट आणि ओढीच्या बाजूला व्हॅक्यूम गेज, हे दोन्ही करून देणाऱ्या गॅरेजात जा. ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर गाडी चालवत नेऊ नका, टो करा.

प्रश्न: २०१३ ची ड्युरामॅक्स, सीपी४ आहे. लिफ्ट पंप लावला की सीपी४ जात नाही असं सगळीकडे वाचलं.

सगळीकडे वाचलंत कारण सगळीकडे विकतात.

सीपी४ म्हणजे सीपी३ नंतरचा बॉशचा मोठा पंप. त्यात कॅमवर फिरणारा रोलर असतो, तो टॅपेटसकट आडवा वळला की कॅम खरवडतो, आणि तो चुरा थेट रेल, इंजेक्टर, परतीची नळी, टाकी असा गावभर फिरतो. लिफ्ट पंप त्याला स्वच्छ, बिनहवेचं, बिनपाण्याचं डिझेल देतो, हे नक्की चांगलं आहे, अमेरिकन डिझेलला वंगण तसंही कमी, घासण्याच्या टेस्टमध्ये इकडे ५२० मायक्रॉनचा व्रण चालतो, भारत-युरोपात ४६०. पण आडवा वळणारा रोलर तो सरळ धरून ठेवू शकत नाही. "डिझास्टर किट" म्हणून जे मिळतं तेही पंप वाचवत नाही, पंप गेलाच तर चुरा इंजेक्टरकडे न जाता परतीला वळवतं, म्हणजे नुकसान कमी. रॅमवाल्यांनी २०१९ ला सीपी४ आणला आणि २०२१ ला गुपचूप सीपी३ वर परत गेले, आधीच्या गाड्यांचा रिकॉलही काढावा लागला. यावरून काय ते समजा. तुमचा भाऊ-मित्र कोणी २०१९-२० ची ६.७ रॅम वापरत असेल तर डीलरकडे व्हीआयएन नंबर देऊन विचारायला सांगा, आजच.

तुम्ही फिल्टर बदलताना आतलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता आणि उन्हात बघा. चमचम दिसली तर चावीला हात लावू नका. "घरापर्यंत जाईल" म्हणून नेलेली गाडी सगळे इंजेक्टर घेऊन जाते.

प्रश्न: किट बसवल्यापासून टाकी पावच्या खाली गेली की गाडी झटके देते. (डेन्व्हर)

टाकीत टाकलेली स्ट्रॉ, म्हणजे डिझेल ओढणारी नळी, आखूड कापलीय किंवा कंपनीच्या बास्केटच्या बाहेर बसलीय, म्हणून वळणावर डिझेल बाजूला सरकलं की ती हवा पिते. दुसरी शक्यता, परतीचं डिझेल बरोबर स्ट्रॉच्या तोंडावर पडतंय आणि फेस ओढला जातोय. ज्याने बसवलं त्याच्याकडेच घेऊन जा, टाकी उतरवायला लावा. टाकीला खालून भोक पाडून सम्प, म्हणजे तळातून डिझेल घेणारी वाटी, बसवा म्हणून कोणी सांगेल, चांगला असतो, पण तुम्ही डोंगरात दगडधोंड्यांतून जात असाल तर सगळ्यात खाली लटकणारी वस्तू तीच असते.

प्रश्न: फोर्डचं ६.० पॉवरस्ट्रोक, ब्लू स्प्रिंग (प्रेशर रेग्युलेटरमधली जास्त कडक स्प्रिंग) टाकू का?

हो. ४५ च्या खाली प्रेशर गेलं की त्या इंजिनाचे इंजेक्टर मरतात, स्प्रिंग स्वस्त आहे. पण पंपच थकलेला असेल तर स्प्रिंगने तो तरुण होत नाही, बदलण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजून घ्या.

प्रश्न: १९९७ ची १२ व्हॉल्व्ह कमिन्स, लोडवर प्रेशर पडतं. इलेक्ट्रिक पंप टाकू?

थांबा. तुमचा लिफ्ट पंप यांत्रिक आहे, कॅमवर चालतो, सहसा तो दोषी नसतो. इंजेक्शन पंपावरचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह बघा, स्प्रिंग सैल झाली की प्रेशर तिथून निसटतं. आणि इंजिनाच्या मागच्या बाजूचे रबरी पाईप, ते तडकलेले असतातच. आयडलला १७-२२ आणि २५०० आरपीएमला २५-३० आलं की झालं.

प्रश्न: कॅल्गरीत थंडीत नवीन पंप बंद पडतो.

पंप बंद पडत नाही, डिझेल गोठतं. चासीवरचा फिल्टर उघड्यावर आहे, त्यातलं पाणी बर्फ होतं, मेण साचतं. थंडी सुरू व्हायच्या आधी पाणी काढा, फिल्टर बदला, विंटर डिझेल भरा, अँटीजेल, म्हणजे डिझेल गोठू नये म्हणूनचं औषध, गोठायच्या आधी टाकायचं असतं, गोठल्यावर नाही. किटबरोबर हीटर मिळतो, तो घ्यायला हवा होता.

प्रश्न: वायरिंग स्वतः केली तर चालेल? चावीच्या लाइनवरून घेणार आहे.

इथे मी गंभीर आहे. चावीवरून घेतली तर अपघातात इंजिन बंद पडलं तरी पंप फुटक्या नळीतून डिझेल ओतत राहतो. कमिन्सला कंपनीच्या लिफ्ट पंपाची वायर आहे, रिलेचा सिग्नल तिथून घ्या, म्हणजे इंजिन थांबलं की कॉम्प्युटर पंप थांबवतो. ज्या ड्युरामॅक्सला ती वायर नाही तिथे ऑइल प्रेशर स्विच मध्ये घाला. मेन सप्लाय बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीच्या जवळ. यातला एकही शब्द नवीन वाटला असेल तर इलेक्ट्रिशियनला पैसे द्या.

प्रश्न: सोबत डीपीएफ (धुरातली काजळी धरणारा फिल्टर) पण काढून टाकू?

नाही. इथे ते फेडरल कायद्याने बेकायदेशीर आहे, आणि मला असले प्रश्न पाठवू नका.

प्रश्न: साताऱ्यात बोलेरो पिकअप आहे, भाजीपाला नेतो. सकाळी चार-पाच सेल मारल्याशिवाय सुरू होत नाही. तुमचं वाचून वाटलं तो अमेरिकन पंप मागवावा.

अजिबात मागवू नका दादा. रात्रभरात डिझेल मागे उतरतंय, म्हणजे कुठेतरी हवा धरतेय. रात्री गाडी लावताना हँड प्रायमर कडक होईपर्यंत दाबा, सकाळी सेल मारायच्या आधी परत दाबून बघा. मऊ लागला तर टाकी ते फिल्टर पाईप, क्लिपा आणि फिल्टरचं वॉशर तपासून घ्या, फिल्टरखालचा बोल्ट सैल करून पाणी सोडा. कडक राहिला आणि तरी सेल खात असेल तर बॅटरी आणि ग्लो प्लग बघायला सांगा, आणि मग नोझल. खर्च झालाच तर पाईप आणि क्लिपांचा, तेवढा आधी करून मग लिहा.