फुरसतगंजला जाण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई परवा म्हणाली, घरात तीन पक्ष पडलेत. बाबांना वाटतं परदेशातून वैमानिकाचं लायसन्स झटपट आणावं. तुला उत्तर प्रदेशात फुरसतगंजला असलेल्या, वैमानिक घडवणाऱ्या सरकारी इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीचा फॉर्म भरायचाय. आणि आजी विचारते, आपल्या इंदूरच्या विमानतळावर फ्लाइंग क्लब असताना पोरीला रायबरेलीच्या पलीकडे कशाला धाडायचं? तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मी वैमानिक नव्हे. माझी सगळी नोकरी एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये, टॉवरमध्ये गेली. पण शिकाऊ वैमानिकांचे आवाज हेडफोनवर ऐकत वर्षं काढली आहेत, आणि त्या अकादमीकडे मी पहिल्यापासून लक्ष ठेवून आहे. म्हणून निवड कुठली कर ते सांगण्याआधी ती संस्था का निघाली, कशी वाढली आणि कुठे अडली, ते लिहिते. हे माहीत असलं की माहितीपत्रकातल्या चकचकीत फोटोंपलीकडचं तुला दिसेल.

आधी आजीचा मुद्दा. इंदूरला विमानाचं वेड जुनं आहे. 1935 मध्ये होळकर दरबारानं बिजासनजवळची जागा विमानतळासाठी निवडली, आणि सल्ला घेतला टाटा सन्सच्या नेव्हिल व्हिन्सेंट यांचा. 1932 साली टाटांची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा कराची ते मुंबई टप्पा जेआरडींनी उडवला आणि मुंबईहून पुढे मद्रासकडे टपाल नेलं ते या व्हिन्सेंटनी. जुलै 1948 मध्ये इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली आणि मुंबईला विमानसेवा सुरू झाली. बिजासनमातेच्या दर्शनाला जाताना टेकडीवरून विमानं बघत आपल्याकडच्या कितीतरी पिढ्या मोठ्या झाल्या.

उडायला शिकायचं तर त्या काळी क्लब हाच रस्ता होता. दिल्ली आणि मुंबईचे फ्लाइंग क्लब 1928 चे. मुंबईच्या क्लबात शिकून जेआरडींनी 10 फेब्रुवारी 1929 ला लायसन्स मिळवलं. सरला ठकराल लाहोरच्या क्लबात शिकल्या आणि 1936 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, साडी नेसून जिप्सी मॉथमधून एकट्या उडाल्या. मोठी माणसं घडवली या क्लबांनी. स्वातंत्र्यानंतर सरकारनं त्यांना अनुदानं दिली, विमानं दिली, आणि कित्येक वर्षं आपल्या विमान कंपन्यांचे वैमानिक तिथूनच येत होते.

पण क्लबाचं शिक्षण त्या त्या क्लबाच्या नशिबावर अवलंबून. एखाद्या ठिकाणी प्रशिक्षक उत्तम, पण विमान एकच आणि तेही सुट्या भागांसाठी हँगरमध्ये अडकलेलं. दुसरीकडे विमानं धड, तर शिकवणारा महिनोन्‌महिने नाही. लायसन्ससाठी लागणारे उड्डाणाचे दोनशे तास भरायला कुणाला दीड वर्ष लागे, कुणाला सहा. ज्याच्या घरी पैसा आणि धीर दोन्ही असे, तोच टिके. विमान कंपनीला मात्र एकाच पद्धतीनं घडलेले, एकाच शिस्तीनं रेडिओवर बोलणारे, ढगात यंत्रांवर भरवसा ठेवून उडणारे वैमानिक हवे असतात. आम्हा कंट्रोलर लोकांसाठी देशानं हा विचार फार आधी केला होता. अलाहाबादजवळ बमरौलीला नागरी विमानचालन प्रशिक्षण केंद्र 1948 पासून आहे, मीही तिथलीच. त्रिवेंद्रमचा असो की गुवाहाटीचा, तिथून बाहेर पडलेला प्रत्येक जण एकच भाषा बोलायचा. वैमानिकांसाठी तसं काही उभं राहायला आणखी सदतीस वर्षं जावी लागली.

7 नोव्हेंबर 1985 ला अकादमीची स्थापना झाली, आणि पुढच्या वर्षी प्रशिक्षण सुरू झालं. पंतप्रधान राजीव गांधी स्वतः इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक होते, अॅव्रो उडवायचे. क्लबांची परिस्थिती त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच नोव्हेंबरात कॅप्टन सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कलकत्ता–सिलचर फोकर फ्रेंडशिप नेलं. दोन्ही वैमानिक स्त्रिया असलेलं देशातलं ते पहिलं उड्डाण. या दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या याचं मला आजही अप्रूप वाटतं. आज आपल्या देशात वैमानिकांमध्ये सुमारे 15 टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या तिप्पट. तेव्हा ‘मुलीला जमेल का’ हा प्रश्न घरात कुणी काढला तर त्याला उत्तर देत बसू नकोस. तो 1985 मध्येच निकालात निघाला.

नव्या संस्थेत नवं काय होतं? स्वतःची धावपट्टी, स्वतःचा टॉवर, स्वतःचं आकाश. हे किती मोठं आहे ते टॉवरमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. गजबजलेल्या विमानतळावर शिकाऊ विमानाचा नंबर शेवटचा. मोठं विमान दहा मैलांवर आलं की आम्ही त्या बिचाऱ्या पोराला एका बाजूला घिरट्या घालायला लावतो, आणि त्याच्या मीटरचे पैसे त्याच्या बापाच्या खिशातून जात राहतात. फुरसतगंजला विद्यार्थी हाच मुख्य पाहुणा. शिवाय सिम्युलेटर, यंत्रांच्या आधारानं उतरण्याची सोय, दोन इंजिनांच्या विमानाचं प्रशिक्षण. सुरुवातीच्या काळात फ्रेंच बनावटीची ट्रिनिडाड आणि अमेरिकन बनावटीची किंग एअर विमानं होती. पुढे डायमंड डीए-40 आली, ज्यांच्या कॉकपिटमध्ये गोल डायलींऐवजी मोठे पडदे असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रवेश परीक्षेवर. लेखी परीक्षा, मग मुलाखत आणि कल चाचणी, सरकारी नियमांप्रमाणे आरक्षण. कुणाच्या ओळखीनं तिथे कॉकपिट मिळत नाही.

आता अडलेली बाजू. सरकारी संस्था म्हणून मी तिचं कौतुकच करत सुटेन असं समजू नकोस. उडान अकादमीची खरी मोजपट्टी एकच असते: रोज किती तास विमानं हवेत आहेत. इमारत, वसतिगृह, नामफलक यांचा त्याच्याशी संबंध नाही. 1994 मध्ये खासगी विमान कंपन्यांना कायद्यानं वाट मोकळी झाली. 2003 नंतर स्वस्त तिकिटांची सेवा आली आणि वैमानिकांची अशी टंचाई झाली, की प्रशिक्षकच कंपन्यांकडे निघून जाऊ लागले. शिकवणारे गेले की विमानं जमिनीवर, आणि विद्यार्थी खोलीत. देशाला सर्वाधिक गरज असताना देशाची सर्वांत चांगली शाळा मंदावली. 2008 मध्ये कॅनडाच्या सीएई या प्रशिक्षण कंपनीकडे व्यवस्थापन देण्यात आलं. सरकारी संस्थेत परक्या कंपनीचा हात म्हणून तेव्हा नाकं मुरडणारे बरेच होते. माझ्या मते ते पाऊल बरोबर होतं, कारण हवेतले तास वाढवणं हा एकच प्रश्न होता.

दुसरा अडसर हवामानाचा, आणि तो कुठल्याही करारानं सुटत नाही. गंगेच्या मैदानात डिसेंबर–जानेवारीत ओलसर जमीन रात्री थंड होते, वारा पडतो आणि पहाटे धुकं जमिनीला चिकटून बसतं. डोळ्यांनी बघून उडण्यासाठी दृश्यमानता साधारण पाच किलोमीटर लागते. सकाळचे तास हातचे जातात. कधी दुपारपर्यंत धूसर. मग उपाय निघाला तो असा: अकादमीनं विमानं आणि विद्यार्थी हिवाळ्यात गोंदियाला नेले, पुढे कलबुर्गीलाही. गोंदियाच्या बिरसी विमानतळाला धुक्याचा तो त्रास नाही. आमच्या पिढीला हे सुचलं नाही, याचं मला नवल वाटतं. विमानाला पंख असतात, शाळाच हलवता येते! तुला तिथं प्रवेश मिळाला तर वर्षातले काही महिने कदाचित विदर्भात काढशील, आणि आजीला त्याचा आनंद होईल.

2013 मध्ये संसदेनं कायदा करून राजीव गांधी राष्ट्रीय विमानचालन विद्यापीठ स्थापन केलं, तेही फुरसतगंजला, अकादमीच्या शेजारीच. वैमानिक व्हायचं नसेल किंवा मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, आडवं आलं, तर विमानतळ चालवणं, दुरुस्ती, सुरक्षा या बाजूंकडे जायची दारं आहेत हे ध्यानात ठेव. कॉकपिटमध्ये न बसताही माझं आयुष्य विमानांत गेलं.

हा सगळा इतिहास तुला कशासाठी? फॉर्म भरण्याआधी कुठल्याही शाळेला, मग ती सरकारी असो, क्लब असो की परदेशातली, तू हेच विचारायचंस: गेल्या वर्षी तुमची विमानं किती तास उडाली, चालू स्थितीत किती आहेत, एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी, आणि मागच्या तुकडीला दोनशे तास पुरे करायला प्रत्यक्षात किती महिने लागले? जो उत्तर टाळेल त्याच्याकडे जाऊ नकोस. बाबांच्या मनात परदेश आहे, तर त्यांना हेही सांग, की तिथलं लायसन्स घेऊन आलं की इथं डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, पेपर, मेडिकल आणि चाचणी उड्डाणं पार करावीच लागतात. झटपट वाटणारा रस्ता तिथं लांबतो.

आणि कुठेही गेलीस तरी थांबणं चुकणार नाही. धुकं, पाऊस, विमानाची तपासणी, पाळीची वाट. हे दिवस जे वाया घालवतात ते मागे पडतात. टॉवरमधून मला ते आवाजावरून कळायचं. काही मुलं कॉल द्यायच्या आधी बटण दाबून गप्प बसायची, शब्द शोधायची. काहींचं वाक्य तयार असायचं. दुसऱ्या प्रकारची मुलं जमिनीवरच्या फावल्या वेळात खुर्चीवर बसून, डोळे मिटून अख्खं सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीची फेरी, तोंडानं उडत असत: टेक-ऑफ, डावं वळण, डाउनविंड, चेकलिस्ट, उतरण्याचा कॉल. याला पैसा लागत नाही, इंधन लागत नाही. तू आजपासून करू शकतेस. दुसरं म्हणजे पेपर. एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल, सगळ्यांत 70 टक्के लागतात. हवामानशास्त्र नुसतं पाठ करू नकोस. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, फुरसतगंज जेमतेम शंभर-सव्वाशे. मे महिन्याच्या दुपारी तेच विमान आपल्याकडे जास्त धावूनच का उचलतं, हे कागदावर काढून बघ. उंची, तापमान आणि हवेची घनता हे प्रकरण एकदा स्वतः सोडवलंस की परीक्षेत कुणी फसवू शकणार नाही.

दोनशे तासांत काय काय बसवायचं असतं तेही आत्ताच समजून घे. शंभर तास तू स्वतः कमांडर म्हणून, त्यात वीस तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडचा लांबचा प्रवास, आणि त्यातलं एक उड्डाण किमान तीनशे सागरी मैलांचं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे किमान पाच तास. आकडे कोरडे वाटतील, पण त्या तीनशे मैलांत नकाशा, वारा, इंधन आणि अनोळखी टॉवरचा आवाज हे सगळं तुझ्या एकटीवर असतं. तिथेच मुलगी वैमानिक होते.

पैशाचं स्पष्टच बोलते. अकादमीची फी चाळीस लाखांच्या वर आहे. सरकारी म्हणजे स्वस्त, असा समज तुझ्या बाबांचा असेल तर तो काढून टाक. लायसन्स झाल्यावर एखाद्या मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान उडवायचं खास प्रशिक्षण, करायला आणखी मोठी रक्कम लागते, आणि नोकरीची हमी कुणीच देत नाही. 2012 मध्ये किंगफिशर बंद पडली, 2019 मध्ये जेट. 2020 मध्ये तर दोन महिने देशातली प्रवासी विमानं पूर्ण थांबली होती. मग 2023 मध्ये इंडिगोनं एकदम पाचशे विमानांची मागणी नोंदवली. हा धंदा असाच भरती-ओहोटीचा आहे. तुझं लायसन्स ओहोटीच्या वर्षी हातात आलं, तर दोन वर्षं तग धरता येईल एवढी तजवीज कर्ज काढतानाच करायला हवी. घर गहाण ठेवायचा विषय निघाला तर माझ्याशी बोलल्याशिवाय सही होऊ देऊ नका, असं आईला माझ्या नावानं सांग.

राहिलं मेडिकल, आणि ते सगळ्यांत आधी. एक रुपयाही फी भरण्याआधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून क्लास टू, म्हणजे पहिल्या पायरीची तपासणी, करून घे, आणि जमेल तितक्या लवकर तिच्याहून कडक क्लास वन. चष्मा असला म्हणून अडत नाही, चष्म्यासह दृष्टी पूर्ण हवी. पण रंग ओळखण्यात दोष निघाला तर तो आज कळलेला बरा. अकादमीची उंचीची अट 158 सेंटिमीटर आहे. तू त्यात बसतेस असं मला वाटतं, तरी भिंतीला टेकून नीट मोजून घे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र आहेतच, इंग्रजीतही पन्नास टक्क्यांखाली नाहीस ना, ते बघून घे.

येत्या रविवारी सकाळी राजेंद्र नगरला घरी ये. बाबांनाही आण. बारावीचं गुणपत्रक, चष्म्याचा नंबर आणि फ्लाइंग क्लबनं दिलेला कागद, तिन्ही बरोबर असू देत. क्लबाच्या कागदावर मी सांगितलेले चार प्रश्न विचारून झालेत असं धरून मी बसणार आहे.

तुझी,
मावशी