फ्लूच्या वॉर्डातली पहिली ड्यूटी

घाबरू नकोस, नजर हळूहळू बसते. सध्या एवढंच धर: फ्लूचा पेशंट दोन-तीन दिवस सुधारून पुन्हा तापला, धाप वाढली, कफ रक्ताळला, तर न्यूमोकॉकस आणि स्टॅफ हे जिवाणू मनात आण, एक्स-रे पुन्हा काढ. १९१८ च्या साथीतले बहुतेक मृत्यू अशाच जिवाणूंच्या न्यूमोनियाने झाले.

नव्या रेसिडेंट डॉक्टरच्या नेहमीच्या चुका:
- अँटिबायोटिक आधी, कल्चर (रक्त-कफातले जिवाणू उगवून बघायची तपासणी) नंतर. (पेशंट शॉकमध्ये असेल, म्हणजे रक्तदाब कोसळला असेल, तर मात्र डोस अडवायचा नाही.)
- सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा घटक) वाढला की अँटिबायोटिक. तो नुसत्या विषाणूनेही वाढतो.
- सुरू करून विसरणं. ४८ तासांनी कल्चर बघ. काही उगवलं नसेल आणि पेशंट सुधारत असेल तर सरांना विचारून बंद कर.

प्रोकॅल्सिटोनिन या दुसऱ्या रक्तचाचणीचं पुढच्या महिन्यात बोलू.