वाचक विचारतात : सामंजस्य करार झाला, काम कुठे अडलं?

प्रश्न : आमच्या विद्यापीठाने एका सरकारी संशोधन संस्थेशी सामंजस्य करार केला. सह्या झाल्या, पण काम सुरू होत नाही. चुकतंय कुठे?

उत्तर : अशा करारात बहुधा नुसता इरादा असतो. त्यात ना पैसा असतो, ना माणसं, ना यंत्रांचे तास. त्यामुळे तो मोडतही नाही आणि चालतही नाही. त्याच्याखाली प्रत्येक प्रकल्पाचा वेगळा करार करा.

पहिली कुरबूर यंत्रांवरून होते. ‘उपकरणे वापरता येतील’ हे वाक्य कुचकामी आहे. आठवड्याला किती तास, चालवणारा तंत्रज्ञ कोणाचा, यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रव हीलियमचं बिल कोणाच्या खात्यावर, बिघडलं तर दुरुस्ती कोणाकडे, हे सगळं लिहून घ्या. नाहीतर संस्थेची स्वतःची कामं आधी लागतात आणि तुमचा विद्यार्थी नमुने घेऊन ताटकळतो.

मग मार्गदर्शक. शास्त्रज्ञ कितीही नामवंत असो, विद्यापीठाची मान्यता नसेल तर पीएचडीचा विद्यार्थी त्याच्या नावावर नोंदवता येत नाही. ही मान्यता नोंदणीच्या आधी मिळवा. कोलोरॅडो विद्यापीठ आणि अमेरिकेची सरकारी मापनसंस्था (आताची निस्ट) यांनी १९६२ मध्ये बोल्डरला ‘जिला’ ही संयुक्त संस्था काढली. तिथे पगार ज्याच्या त्याच्या मूळ संस्थेचा, पण निस्टच्या शास्त्रज्ञांना विद्यापीठातही पद असल्यामुळे ते थेट विद्यार्थी घेतात. बोस-आइन्स्टाइन संघनित (अतिथंड अणू एकाच अणूसारखे वागू लागतात ती अवस्था) १९९५ मध्ये प्रथम तिथेच मिळालं. त्यासाठी २००१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ एरिक कॉर्नेल निस्टचे, तर कार्ल वीमन विद्यापीठाचे.

प्रश्न : शोधनिबंध छापण्याआधी आम्हाला दाखवा, असं संस्था म्हणते. मान्य करावं का?

उत्तर : करावं, पण मुदत घालून. तपासायला ३० दिवस आणि पेटंटचा अर्ज करायचा असेल तर आणखी ६० दिवस पुरेत. मुदतीत उत्तर आलं नाही तर संमती धरली जाईल, हे कलम हवंच. संस्थेची काळजी मात्र खोटी नाही. आधी छापून आलेल्या शोधावर युरोपात सहसा पेटंट मिळत नाही, आणि ग्रंथालयात लागलेला प्रबंधही छापलेलाच धरला जातो.

‘पेटंट दोघांच्या मालकीचं’ एवढ्यावरही थांबू नका. वेगळं काही ठरलं नसेल तर भारतात एका मालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही. अमेरिकेत देता येतो. परवान्याची बोलणी कोण करणार आणि उत्पन्नाची वाटणी कशी, हे काम सुरू होण्याआधीच ठरवा. पैसा दिसू लागला की दोन्हीकडचे कायदा विभाग वर्षभर हलत नाहीत.