स्वीट कॉर्नची शेती एखाद्या भागाच्या अर्थकारणाला हातभार लावते का?

लावते, परंतु कणीस तोडल्यानंतरची व्यवस्था जवळ असेल तरच. या मक्यातील गोडवा टिकाऊ नसतो. तोडणी होताच दाण्यातील साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर सुरू होते आणि उष्णतेत ते अधिक वेगाने होते. म्हणूनच मोठे उत्पादक पहाटे तोडणी करून कणसे लगेच थंड पाण्याने गार करतात व शून्य अंशाच्या आसपास साठवतात. १९५३ साली अमेरिकेत आनुवंशिकीतज्ज्ञ जॉन लॉफनन यांनी, दाण्यात साखर अधिक राखणाऱ्या ‘श्रंकन-२’ या जनुकाचे महत्त्व दाखवून दिल्यानंतर पुढे आलेल्या अतिगोड वाणांमुळे विक्रीसाठी थोडी अधिक मुदत मिळाली. तरीही घाई संपलेली नाही.

तोडणीची वेळ स्त्रीकेसर बाहेर पडल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी येते: केस वाळून तपकिरी झालेले असतात आणि नखाने दाणा फोडला की दुधासारखा चीक येतो. ही अवस्था जेमतेम काही दिवस टिकत असल्याने पेरणी टप्प्याटप्प्याने करावी लागते, आणि त्यातूनच मजूर, वाहतूकदार व पॅकिंग केंद्रांना सलग काम मिळते. अमेरिकेत फ्लोरिडा ताज्या कणसांसाठी, तर मिनेसोटा आणि वॉशिंग्टन प्रक्रियेसाठी पुढे आले, ते याच साखळीच्या बळावर. शिवाय तोडणीनंतर उरणारी हिरवी ताटे चारा किंवा मुरघास म्हणून दुग्धव्यवसायाला उपयोगी पडतात. साधा मका शेजारी एकाच वेळी फुलोऱ्यात आला, तर परागीभवनामुळे गोडी बिघडते. त्यामुळे पेरणीचा समन्वय गावपातळीवरच करणे माझ्या मते योग्य ठरते.