बिलावर नाव कुठे आहे?

क्रीडा-वस्तूंच्या व्यापारचिन्हांचे काम पाहणाऱ्या वकिलांनी वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरे

प्रश्न : आमचा खेळाचे कपडे शिवण्याचा छोटा कारखाना आहे. कबड्डी आणि खो-खोच्या संघांना आम्ही 2016 पासून स्वतःच्या नावाचे लेबल लावून टी-शर्ट व चड्ड्या पुरवतो. गेल्या वर्षी एका सल्लागाराकडून त्या नावाच्या नोंदणीचा अर्ज भरून घेतला. आता परीक्षण अहवालात, म्हणजे अर्ज तपासून व्यापारचिन्ह कार्यालयाने पाठवलेल्या पत्रात, हरकत आली आहे, कारण जालंधरच्या एका चेंडू बनवणाऱ्याने जवळपास तेच नाव 2019 मध्ये नोंदवले आहे. चेंडू वेगळा, कपडे वेगळे; मग अडचण कसली? — एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तारीख पाहा. परीक्षण अहवाल मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर गेले नाही, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते, आणि मग पुढचे सारे मुद्दे बिनकामाचे ठरतात.

नोंदणीसाठी वस्तू आणि सेवांचे क्रमांकवार वर्ग पाडलेले असतात; त्यांत कपडे वर्ग 25 मध्ये आणि खेळाचे साहित्य वर्ग 28 मध्ये येते, हे खरे. परंतु वर्गवारी ही मुख्यतः कार्यालयाच्या सोयीसाठी असते. दोन वस्तू एकमेकींसारख्या आहेत की नाहीत, हे नुसत्या वर्गाच्या आकड्यावरून ठरत नाही. आपल्या गावातील खेळाच्या कोणत्याही दुकानात जाऊन पाहा : वर जाळीत चेंडू टांगलेले, खाली टी-शर्टांच्या घड्या, काउंटरवर शिट्ट्या आणि गुडघ्याचे पट्टे, आणि हे सारे घेणारा एकच क्रीडाशिक्षक. त्या शिक्षकाला चेंडू आणि टी-शर्ट एकाच घरचे वाटतील का, हा व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम 11 चा खरा प्रश्न आहे, आणि आपल्या बाबतीत त्याचे उत्तर ‘वाटू शकतील’ असेच येते.

म्हणून माझा भर वस्तूंच्या फरकापेक्षा आपल्या 2016 च्या वापरावर राहील. एखादे चिन्ह आपण दुसऱ्याच्या आधीपासून आणि सलग वापरत असाल, तर कलम 34 नुसार नंतर नोंदणी करणाऱ्याला आपला वापर थांबवता येत नाही. मात्र आपला वापर त्याच्या नोंदणीच्याच नव्हे, तर त्याच्या प्रत्यक्ष वापराच्याही आधीचा असावा लागतो. जालंधरवाल्यांनी आपल्या अर्जात वापराची कोणती तारीख लिहिली आहे, हे कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ते आज संध्याकाळीच पाहा. त्यांची तारीख 2016 च्या आधीची निघाली, तर कलम 12 मधील प्रामाणिक समांतर वापराची, म्हणजे दोघेही तेच नाव एकाच काळात प्रामाणिकपणे वापरत आले असे दाखवण्याची, वाट उरते. ती अधिक अरुंद आहे.

आता दोन कागद काढा. पहिला, आपला स्वतःचा अर्ज. त्यात ‘वापर करण्याचा विचार आहे’ असे लिहिलेले असण्याची मला दाट शंका आहे, कारण तसे लिहिले की वापराचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागत नाही आणि घाईतला सल्लागार तेवढे काम वाचवतो. तसे असल्यास दुरुस्तीचा अर्ज ताबडतोब द्यावा लागेल, आणि आधी असे का लिहिले हा प्रश्न समोरचा पक्ष विचारणारच. दुसरा कागद म्हणजे जुनी बिले. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात कारखानदारांच्या बिलावर वर मालकाच्या फर्मचे नाव असते आणि खाली ‘टी-शर्ट, 40 नग’ एवढेच लिहिलेले असते. ज्या नावासाठी भांडण चालले आहे ते कागदावर कुठेच नसते. अशा वेळी लेबल विणून देणाऱ्याची जुनी बिले, संघांनी पाठवलेल्या मागणीपत्रांतील उल्लेख आणि छातीवरचे नाव स्पष्ट दिसणारी, तारीख असलेली स्पर्धेची छायाचित्रे कामी येतात. यापुढे मात्र प्रत्येक बिलावर मालाच्या ओळीत ते नाव लिहा. त्याला काही खर्च येत नाही.

प्रश्न : धोनीने ‘कॅप्टन कूल’ हे शब्द स्वतःच्या नावावर केले, असे वाचले. मग आता ते आम्ही वापरायचेच नाहीत का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : खुशाल वापरा. जून 2025 मध्ये ते चिन्ह व्यापारचिन्ह जर्नलमध्ये, म्हणजे कार्यालयाच्या साप्ताहिकात, प्रसिद्ध झाले, तेही वर्ग 41 मध्ये, म्हणजे क्रीडा-प्रशिक्षणासारख्या सेवांसाठी. प्रसिद्ध होणे म्हणजे नोंदणी नव्हे. प्रसिद्धीनंतर चार महिन्यांत कोणालाही विरोध नोंदवता येतो. आणि नोंदणी झाली तरी ती व्यापारातल्या वापरापुरती असते, गप्पांवर किंवा बातम्यांवर तिचा अंमल चालत नाही. या नावाने क्रिकेटची शिकवणी उघडायची असेल, तर मात्र आधी मला विचारा.

प्रश्न : माझा भाऊ फुटबॉलच्या मोसमात परदेशी क्लबांची चिन्हे छापलेले टी-शर्ट विकतो आणि ‘हे अधिकृत नाहीत’ अशी पाटी लावतो. पाटी पुरेशी आहे का? आमच्या तालमीच्या संघाचे चिन्हही तो छापतो. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : अशाच पाटीवर लंडनमध्ये एक खटला गाजला. मॅथ्यू रीड हे गृहस्थ 1970 पासून आर्सेनल क्लबच्या हायबरी मैदानाबाहेर त्या क्लबचे मफलर आणि टोप्या विकत असत, आणि ही चिन्हे केवळ शोभेसाठी आहेत असा फलक त्यांच्या टपरीवर होता. त्यांचे म्हणणे असे, की चाहता ते चिन्ह निष्ठा म्हणून अंगावर मिरवतो, माल कोणी बनवला हे सांगण्यासाठी नव्हे. हा युक्तिवाद मला आजही मोहात पाडतो, कारण खेळात चिन्ह हेच पुष्कळदा विकत घेतलेली वस्तू असते. युरोपीय न्यायालयाने 2002 मध्ये तो मानला नाही. टपरीवरून मफलर एकदा दूर गेला, की पुढे तो पाहणाऱ्याला फलक दिसत नाही, हे न्यायालयाने नेमके हेरले. त्यानंतरही इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने रीड यांच्या बाजूने निकाल दिला आणि 2003 मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला.

तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण आपला कायदा भावाला त्याहून अधिक अडचणीचा आहे : तेच चिन्ह त्याच वस्तूवर असेल, तर लोकांची गल्लत होईल असे न्यायालय कलम 29 नुसार गृहीतच धरते. शिवाय खोटे चिन्ह लावलेला माल विकणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. पाटी काढा आणि तो मालही काढा.

तालमीची गोष्ट वेगळी आहे. तिथे मंडळाने लेखी परवानगी द्यावी आणि शक्य तर चिन्हाची नोंदणी वर्ग 25 व 41 मध्ये करून घ्यावी. संस्थेला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे 9,000 रुपये शुल्क पडते. अर्ज नोंदणीकृत मंडळाच्या नावाने करा, सचिवांच्या नावाने नको. सचिव बदलतात, कधी रुसूनही जातात, आणि चिन्ह त्यांच्याबरोबर जाते.

प्रश्न : मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला हेच काम करायचे आहे. वेगळी परीक्षा लागते का? — एक पालक, ठाणे

उत्तर : वकिलीची सनद मिळाल्यावर लागत नाही, परीक्षा आहे ती वकील नसलेल्यांसाठी, व्यापारचिन्ह अभिकर्ता (एजंट) होण्याकरिता. खेळाडूंसोबतची छायाचित्रे या कामात फारशी नसतात. दर सोमवारी नवे जर्नल येते, आणि आपल्या अशिलाच्या चिन्हाशी मिळतेजुळते काही त्यात शिरले आहे का, हे वर्ग 25, 28 आणि 41 ची पाने चाळून पाहावे लागते. पहिले सहा महिने तिच्या वाट्याला बहुधा तेच येईल.