एएमव्ही कुठल्या स्पर्धेला पाठवू?

प्रश्न : मी फोंड्याला राहतो. साडेतीन मिनिटांचा, गंभीर कथेचा एएमव्ही (अ‍ॅनिमे म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनमधली दृश्ये गाण्यावर जुळवून केलेला व्हिडिओ) तयार आहे. तो कुठे पाठवावा?

उत्तर : बक्षीस मागाहून बघा, आधी नियम वाचा. काही स्पर्धांना अप्रकाशित व्हिडिओच लागतो; यूट्यूबवर टाकला की ती दारे बंद. म्हणून त्या आधी धरा. अक्रॉस कॉनसारख्या ऑनलाइन स्पर्धांना प्रवासाचा प्रश्नच नाही. निव्वळ प्रेक्षकांच्या मतांवर निकाल असला की विनोदी व्हिडिओ बाजी मारतात, असे आमचे मत. तुमच्या कामाला परीक्षक असलेली, ‘ड्रामा’ हा वेगळा गट ठेवणारी स्पर्धा बरी.

चित्रात सबटायटल किंवा चॅनलचा लोगो दिसला तर बऱ्याच स्पर्धांत प्रवेशिका बाद होते. कडा कापून लपवू नका, चौकटीची रचना बिघडते; ब्लू-रेवरून स्वच्छ दृश्ये घ्या. बहुतेक अ‍ॅनिमे सेकंदाला 23.976 फ्रेमचे असतात. संपादनाच्या सॉफ्टवेअरमधली टाइमलाइन सेकंदाला 30 फ्रेमवर ठेवली तर साधारण दर चौथी फ्रेम दोनदा येते आणि सरकती दृश्ये अडखळतात. मोठ्या पडद्यावर हे फार खुपते!

मुदत अमेरिकेच्या वेळेने दिली असेल तर लक्षात ठेवा : तिथल्या पूर्व किनाऱ्यावरची उन्हाळ्यातली मध्यरात्र म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, फाइल आदल्या दिवशीच चढवा.